सुटकेनंतरचे काम

तुरुंगातल्या आणि तुरुंगातून सुटणाऱ्या माणसाने पुढे कोणते काम करावे, ते कुठे मिळेल, त्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील आणि गुन्ह्याची नोंद आड आली तर मालकाशी काय बोलावे, हे त्याच्यासोबत बसून ठरवणे म्हणजे बंद्यांचे व्यवसाय-समुपदेशन. भारतीय कारागृहांत हस्तव्यवसाय शिकवण्याची परंपरा जुनी आहे. शिकलेल्या हाताला बाहेर काम कसे मिळेल, याचा विचार मात्र फार थोड्या ठिकाणी होतो, आणि बहुतेक प्रशिक्षण तिथेच वाया जाते.

महाराष्ट्रातील मध्यवर्ती कारागृहांत सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, बेकरी असे उद्योग चालतात. त्यांतले कोणते चालवायचे, हे बहुधा सरकारी खात्यांची मागणी आणि उपलब्ध यंत्रे पाहून ठरते. त्या बंद्याच्या गावात हातमागाला गिऱ्हाईक आहे का, हे कोणी विचारत नाही. नाशिक रोड कारागृहात गणेशमूर्ती घडवल्या जातात. या कलेला पेणसारख्या ठिकाणी मोठी बाजारपेठ आहे, पण सुटलेल्या मूर्तिकाराची एखाद्या कारखान्याशी गाठ घालून दिली नाही, तर ती कला त्याला घर चालवायला उपयोगी पडत नाही. कामवाटपात याहूनही गंभीर दोष होता. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत स्वयंपाक कोणाकडे आणि झाडलोट कोणाकडे, हे जातीवरून ठरवण्याला वाव होता. सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. ज्याला आत वर्षानुवर्षे झाडूच दिला गेला, त्याला बाहेर पडताना तेवढाच अनुभव सांगता येतो. म्हणून कामवाटप हा समुपदेशनाचाही प्रश्न आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 च्या अखेरीस देशातील कारागृहांत 5,73,220 माणसे होती. त्यांपैकी 4,34,302, म्हणजे सुमारे 76 टक्के, न्यायाधीन होती. या कच्च्या कैद्यांवर कामाची सक्ती करता येत नाही, त्यामुळे कारागृहाचे उद्योग मुख्यतः शिक्षा झालेल्यांसाठीच राहतात. कच्चा कैदी केव्हा सुटेल हे कोणालाच ठाऊक नसते. जामीन उद्या होईल, नाहीतर दोन वर्षे होणार नाही. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम त्याच्यासाठी आखताच येत नाही. मोठा वर्ग असा दुर्लक्षित राहतो, आणि त्यात हातावर पोट असलेले तरुण भरपूर असतात. त्यांच्यासाठी समुपदेशन पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवे आणि एकाच बैठकीतही उपयोगी पडेल असे असायला हवे: पूर्वीचे काम कोणते, तो मालक परत घेईल का, त्याला कळवले आहे का, घरभाडे थकले आहे का, आधार कार्ड कोणाकडे आहे. अटकेनंतर नोकरी बरेचदा पहिल्या काही दिवसांतच जाते. वेळेवर गेलेला एक निरोप ती वाचवू शकतो.

जन्मठेपेच्या बंद्याची अडचण वेगळी. ज्या गुन्ह्याला मृत्युदंडाचीही तरतूद आहे त्यात जन्मठेप झाली, तर माफी धरूनही किमान 14 वर्षे आत काढावी लागतात. 2010 मध्ये आत गेलेला माणूस 2024 मध्ये बाहेर येतो तेव्हा भाजीवालाही मोबाइलवर पैसे घेत असतो. ही यूपीआय व्यवस्था 2016 मध्ये सुरू झाली. अशा माणसाला बँक खाते, मोबाइल आणि ऑनलाइन अर्ज यांची ओळख व्यवसायाइतकीच गरजेची असते. संचित रजा आणि अभिवचन रजा यांचा इथे चांगला उपयोग होऊ शकतो. रजेवर गेलेला बंदी गावातली परिस्थिती पाहून येतो, एखाद्या दुकानदाराशी बोलतो, आणि परतल्यावर समुपदेशकाशी त्याची पुढची चर्चा प्रत्यक्ष माहितीवर होते.

महिला बंदी संख्येने थोड्या, देशात सुमारे 4 टक्के. त्यांच्या वाट्याला शिवण आणि पापड एवढेच येते. घरच्यांनी नाते तोडलेल्या बाईला स्वतंत्र राहण्याइतकी कमाई लागते आणि मुले सांभाळून जमेल असे काम लागते. जागेचा प्रश्न सुटल्याशिवाय तिच्या नोकरीचा प्रश्न सुटत नाही, आणि तिच्या बाबतीत समुपदेशनाची सुरुवात निवाऱ्यापासूनच करावी लागते.

सर्वांत नाजूक विषय म्हणजे गुन्ह्याची नोंद. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात झालेला आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याबाबत बोलका आहे. सारखीच पात्रता दाखवणाऱ्या गोऱ्या तरुणांपैकी नोंद नसलेल्यांना 34 टक्के मालकांनी परत बोलावले, नोंद सांगणाऱ्यांना 17 टक्के. काळ्या तरुणांत हेच आकडे 14 आणि 5 होते. ब्रिटनमध्ये 1974 च्या कायद्याने ठराविक काळानंतर अनेक शिक्षा बहुतेक नोकऱ्यांच्या अर्जात सांगाव्या लागत नाहीत. भारतात प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. तरी जे आहे तेही बंद्यांपर्यंत पोहोचत नाही. परिविक्षेवर सोडलेल्याला 1958 च्या कायद्याचे कलम 12 अपात्रतेपासून संरक्षण देते. विधिसंघर्षग्रस्त बालकांना 2015 च्या बाल न्याय कायद्यात तशीच तरतूद आहे, अपवाद गंभीर गुन्ह्यांतील मोठ्या मुलांचा. सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या अवतार सिंग प्रकरणात सांगितले की उमेदवाराने खरी माहिती द्यावी, आणि नियुक्ती करणाऱ्याने गुन्ह्याचे स्वरूप व पदाची गरज पाहून निर्णय घ्यावा. म्हणून लपवण्याचा सल्ला देणे धोक्याचे आहे. काय घडले, त्यानंतर काय शिकलो आणि आता कोणते काम येते, हे चार वाक्यांत सांगण्याचा सराव सुटकेआधीच करून घ्यावा लागतो.

हे सारे करण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत. औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. तिथे बंदी कुटुंबासह राहून शेती करतात. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून मुंबईच्या तुरुंगांशी जोडलेला असून आत आणि बाहेर अशा दोन्ही ठिकाणी काम करतो. 2022 मध्ये येरवड्यात राज्य सहकारी बँकेच्या ‘जिव्हाळा’ योजनेतून बंद्यांना 7 टक्के व्याजाने 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळू लागले, ज्याची फेड तुरुंगातल्या मजुरीतून होते. घरच्यांची निकड भागली की सुटल्यावर पहिल्या दिवशीच मिळेल ते काम धरण्याचा दबाव कमी होतो.

सुटकेनंतरची जबाबदारी कागदोपत्री जिल्हा परिविक्षा अधिकारी आणि अनुरक्षण संघटनांची आहे. पण सुटकेची तारीख आणि बंद्याने शिकलेला व्यवसाय ही माहिती कारागृहाने त्यांना महिनाभर आधी दिली, तरच ते काही करू शकतात. पहिले तीन महिने सर्वांत कठीण असतात: पगार लागायला वेळ, पोलीस ठाण्याच्या चकरा, जुन्या ओळखीच्या लोकांचे बोलावणे. या काळात आठवड्याला एक फोन आणि मालकाकडे एक भेट एवढे जरी झाले, तरी माणूस कामावर टिकण्याची शक्यता वाढते. त्यासाठी प्रत्येक मध्यवर्ती कारागृहात या एकाच कामासाठी नेमलेला पूर्णवेळ समुपदेशक हवा, आणि त्याची नेमणूक बंदी फाटकाबाहेर पडल्यावरही किमान वर्षभर त्याच्याशी बांधलेली हवी.