जसे आहे तसे

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे यात्रा भरते आणि तिच्यासोबत बैलांचा मोठा बाजारही भरतो. बैल घेणारा माणूस घाई करीत नाही. तो दात पाहतो, बैलाला चालवून बघतो, पाठीवर हात फिरवतो, एखाद्या जाणत्याला पुढे करतो. शहापूर-मुरबाडकडच्या शेतकऱ्याला, मग तो हिंदू असो की मुसलमान, पारख शिकवावी लागत नाही. मात्र तोच माणूस लिलावात उभा राहिला की बदलतो. हा अनुभव आमच्या घरचाच आहे.

काही वर्षांपूर्वी, कर्ज थकल्यामुळे ओढून आणलेल्या गाड्यांच्या लिलावात आमच्या चाचांनी एक टेम्पो घेतला. गाडी बाहेरून पाहायला तासभर मिळाला होता. पण पाहणार कोण? मिस्त्रीला सोबत न्यावे, हे आम्हाला सुचलेच नाही. बोली सुरू झाली. समोरचा एक जण हजार-हजाराने चढत गेला, चाचाही चढत गेले. त्यांना आवरायचे सोडून आम्ही शेजारी उभे राहून कोपराने ढोसत होतो. गाडी घरी आल्यावर मिस्त्री म्हणाला, इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला आहे आणि तो लिंपून वर रंग मारला आहे. तक्रार करायला गेलो तेव्हा कागदावरची एक ओळ दाखवण्यात आली: ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे.’

कायदा खरेदीदाराला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याच्या ६४ व्या कलमानुसार हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, आणि भाव चढवण्यासाठी विकणाऱ्याने खोटी बोली लावली असेल तर तो सौदा खरेदीदाराला मोडता येतो. पण खोटी बोली सिद्ध कशी करायची? त्याच कायद्यात, माल चांगला निघेल अशी हमी सर्वसाधारणपणे गृहीत धरलेली नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंडीगडच्या एका प्रकरणात, आहे त्या स्थितीतला भूखंड जाहीर लिलावात घेणारा माणूस ग्राहक संरक्षण कायद्याच्या अर्थाने ‘ग्राहक’ नव्हे, असे ठरवले. त्याने पाहून बोली लावलेली असते, हे त्यामागचे एक कारण.

शरियतला लिलाव वर्ज्य नाही. मदत मागायला आलेल्या एका गरीब अन्सारीच्या घरातील जाजम आणि वाडगा खुद्द पैगंबरसाहेबांनी (स.) लिलावात विकल्याची हदीस आहे. एकाने एक दिरहम म्हटले, दुसऱ्याने दोन दिले. त्या पैशांतून घरात अन्न आले आणि एक कुऱ्हाड आली. तो माणूस लाकडे तोडून विकू लागला. म्हणजे बोली चढवणे वाईट नाही. वाईट आहे ती ‘नजश’, म्हणजे घ्यायचे नसताना दुसऱ्याला फसवण्यासाठी चढवलेली बोली. पैगंबरसाहेबांनी तिला मनाई केली. बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घालून त्यांनी आतली ओल बाहेर काढली आणि ती वर दिसेल अशी ठेवायला सांगितले, हेही आपण लहानपणापासून ऐकतो.

मग ‘जसे आहे तसे’ एवढे म्हटल्याने विकणारा सुटतो का? यावर फकिहांचे एकमत नाही. हनफी मजहबात विकणाऱ्याने सर्व दोषांतून आधीच अंग काढून घेण्याची अट चालते. आपल्या कोकणी मुसलमानांच्या शाफई मजहबात ही सवलत फार तोकडी आहे: जनावराच्या पोटातला, विकणाऱ्यालाही ठाऊक नसलेला दोष, एवढ्यापुरतीच. आम्हाला हा भेद शहाणपणाचा वाटतो. बैलाच्या पोटात काय आहे हे कुणीच पाहिलेले नसते. रंगाखालचा तडा मात्र रंग मारणाऱ्याने पाहिलेला असतो.

आमची खरी परीक्षा पुढेच होती. टेम्पोला शहापूरकडचा एक तरुण गिऱ्हाईक मिळाला. भाजी वाहायला त्याला गाडी हवी होती. चाचा आम्हाला म्हणाले, “कागद तू लिही. आपल्याला दिला तसाच आपणही देऊ.” ‘जसे आहे तसे’ हे शब्द आता आमच्याच पेनातून उतरायचे होते. आम्ही पेन खाली ठेवले आणि त्या मुलाला तडा दाखवला. तो निघून गेला. टेम्पो शेवटी भंगाराच्या भावात गेला आणि चाचा कित्येक महिने आमच्याशी बोलले नाहीत.

त्यांच्या रागात तथ्य होते. खरे आम्ही बोललो, पण तोटा त्यांच्या खिशातून गेला. दुसऱ्याच्या पैशाने सचोटी दाखवणे सोपे असते. लिलावात कोपर तर आमचेच होते! म्हणून त्या तोट्यातला अर्धा वाटा आम्ही हप्त्याहप्त्याने चाचांना दिला. फसलेल्याला आपली भरपाई मागण्याचा हक्क आहे. मात्र ती पुढच्या गिऱ्हाइकाकडून वसूल करण्याचा नाही. ‘जसे आहे तसे’ म्हणायचेच असेल, तर आधी जसे आहे तसे सांगावे.