बाप्तिस्मा : सौदा नव्हे, करार

आजचं वाचन : उत्पत्ती 15:7-18, रोमकरांस पत्र 6:3-4



आपल्या मराठी बायबलच्या दोन्ही भागांचं नावच 'करार' आहे. तरी बाप्तिस्म्याबद्दल बोलताना हा शब्द आपण विसरतो. जळगाव-धुळ्याच्या माणसाला सौदा बरोबर कळतो. केळीचा भाव पडला की सौदा मोडतो. नोकरीच्या ऑफर लेटरमध्येही नोटीस पिरियड लिहिलेला असतोच. दोघांपैकी एकाने शब्द फिरवला की संपलं!

उत्पत्ती 15 मध्ये मात्र वेगळंच घडतं. त्या काळी करार करताना कापलेल्या जनावरांच्या मधून चालत जायचे. अर्थ असा की, मी शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो (यिर्मया 34:18 बघा). पण इथे अब्राम गाढ झोपलाय. मधून जाते ती फक्त धुमसती शेगडी आणि पेटती मशाल. म्हणजे देव एकटाच चालला. कराराचा भार त्याने स्वतःवर घेतला आणि वधस्तंभावर त्याची किंमतही स्वतःच भरली.

बाप्तिस्म्याचं पाणी ही त्या प्रीतीची खूण. पौल म्हणतो, आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, ते नव्या जीवनात चालण्यासाठी. म्हणून "विश्वास थंड पडलाय, माझा बाप्तिस्मा वाया गेला का?" असं वाटणाऱ्या भावा, बहिणी, तुझा शब्द ढिला पडला असेल, त्याचा नाही. परत ये, आणि चालायला लाग.

आणि ज्यांना बाप्तिस्मा घ्यायचाय, पण घरचे तयार नाहीत, त्यांनी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं घर आठवावं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई दुःखाने खचल्या, काही वर्षं दूर राहिल्या. पुढे नांदायला आल्या त्या आपला धर्म सांभाळूनच. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःची खात्री पटल्यावर. 'स्मृतिचित्रे' जरूर वाचा. देवाशी करार केला म्हणून घरच्यांना दिलेला शब्द मोडत नाही. उलट तो जास्त धीराने पाळायचा असतो. देव आपल्यासाठी थांबला, मग आपण आई-बाबांसाठी थोडं थांबू शकत नाही का?

प्रार्थना : हे विश्वासू पित्या, आम्ही झोपेत असतानाही तू शब्द पाळलास. आज आम्हाला तुझ्या करारात चालव, आणि आमच्या घरच्यांशी प्रीतीने वागायला शिकव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.