हिमकण, क्लोरीन आणि कर्तृत्वाचा प्रश्न

हेतूविना घडलेल्या अनिष्टाचा कर्ता कोणास मानावे, हा कर्मविचारातील जुना प्रश्न अंटार्क्टिकावरील ओझोनच्या ऱ्हासाने नव्याने उभा केला. शीतयंत्रांतील क्लोरोफ्लुरोकार्बन संयुगे स्थितांबरात, म्हणजे हवामान घडवणाऱ्या थराच्या वरील थरात, पोहोचून क्लोरीन मोकळा करतात, असा इशारा रसायनशास्त्रज्ञ मोलिना आणि रोलंड यांनी 1974 मध्ये दिला होता. परंतु अंटार्क्टिकावरील हॅली बे येथील निरीक्षणांतून 1985 साली उघड झालेल्या तीव्र ऱ्हासाचा उलगडा तेवढ्याने होत नव्हता. तो उलगडा ढगांमुळे झाला: ध्रुवीय रात्रीत तापमान उणे 78 अंश सेल्सियसच्या आसपास उतरले की स्थितांबरात ढग बनतात, त्यांच्या कणांच्या पृष्ठभागावर हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट ही एरवी ओझोनला न छेडणारी संयुगे एकत्र येऊन क्लोरीनचा रेणू मुक्त करतात, आणि वसंतातील सूर्यप्रकाशाने तो दुभंगताच ओझोनचा नाश सुरू होतो.

येथे ढगकणांतील हिम हे केवळ सहकारी कारण, म्हणजे मुख्य कारणाला साहाय्य करणारे कारण होय. त्याला इच्छा नाही, म्हणून दोषही नाही. चेतनेला, म्हणजे संकल्पाला, कर्म मानणारा बौद्ध विचार शीतयंत्र वापरणाऱ्या अजाण गृहस्थालाही बहुधा दोषमुक्त ठरवील. जैन दर्शन मात्र प्रमाद, म्हणजे असावधपणा, हेही कर्मबंधाचे कारण मानते. ओझोनच्या बाबतीत ही दुसरी भूमिका अधिक न्याय्य वाटते, कारण 1974 नंतर उत्पादकांचे अज्ञान निर्दोष राहिले नाही, आणि 1987 च्या माँट्रियल कराराने या संयुगांबाबत राष्ट्रांवर घातलेले निर्बंध हेतूची चौकशी न करता परिणामाचीच जबाबदारी स्वीकारणारे होते.