मात्रेचा प्रश्न

मराठीत 'मात्रा' हा एकच शब्द चार ठिकाणी वावरतो. अक्षराच्या डोक्यावरची तिरपी रेघ ही मात्रा. छंदःशास्त्रात उच्चारकालाचे परिमाण ही मात्रा. तालाचे एकक ही मात्रा. आणि सहाणेवर उगाळून मधातून चाटवले जाणारे औषध तेही मात्राच. मात्रा ढळली तर या चारही ठिकाणी प्रमाणाबरोबर अर्थही बिघडतो. औषधाच्या बाबतीत मात्र हा अर्थाचा प्रश्न वैद्यकाच्या स्वाधीन करून तत्त्वचिंतन बहुधा मोकळे झालेले दिसते. मज्जातंतूंच्या जुनाट वेदनेने ग्रासलेल्या माणसाला औषध किती द्यावे, हा वरवर मिलिग्रॅमचा हिशेब वाटतो. तो तेवढाच असता तर तक्ता पाहून सोडवता आला असता.

सामान्य वेदना ही वार्ताहर असते. काटा रुततो, कळ उठते, पाऊल मागे येते. मज्जातंतूच दुखावलेला असतो तेव्हा ही व्यवस्था कोलमडते. नागीण उठून गेलेली असते, कातडीवरचे फोड सुकलेले असतात, आणि तरीही अंगावरच्या सदऱ्याचा स्पर्श निखाऱ्यासारखा भाजतो. मधुमेही माणसाच्या तळपायांची रात्रभर आग होते, दिवा लावून पाहिले तर तिथे काही नसते. वार्ता वाहणारी तारच बिघडलेली, त्यामुळे वार्ता खोटी आणि क्लेश मात्र पूर्णतः खरा. 1946 मध्ये वेल्लोरला आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बाबतीत याची दुसरी बाजू दाखवून दिली : बोटे झडतात त्याचे मोठे कारण संवेदना नाहीशी झाल्याने दुर्लक्षित राहिलेल्या जखमा हे असते. तिथे वेदनेचा अभाव घातक ठरतो; येथे तिचा निरर्थक अतिरेक. दुःख माणसाला काही शिकवते, या समजुतीवर आपल्याकडचे आणि पश्चिमेकडचेही पुष्कळ लेखन उभे आहे. पण ज्या वेदनेला सांगण्यासारखे काहीच नाही तिच्यापासून शिकायचे काय?

मग ती नाहीशी करावी, हे उत्तर सरळ वाटते. अडचण अशी, की ते क्वचितच उपलब्ध असते. मुळात नैराश्यावरचे असलेले अमिट्रिप्टिलीन रात्री 10 मिलिग्रॅमपासून सुरू करून बेताबेताने वाढवतात. अपस्मारासाठी आलेले गॅबापेंटिन 300 मिलिग्रॅमपासून चढवत, दिवसाच्या तीन भागांत वाटून, 1800 पर्यंत किंवा त्याहून पुढे नेतात. मूत्रपिंड दुबळे असेल तर मात्रा कमी ठेवावी लागते. गुण येण्यास आठवडे लागतात, आणि सोडायचे तर एकदम सोडता येत नाही. वेदना निम्म्याने उतरली तरी उपचार यशस्वी मानण्याची रीत आहे. त्यासाठी मोजायची किंमत म्हणजे पेंग, भोवळ, कोरडे तोंड, आणि ऐन वेळी ओठांवर न येणारा शब्द. रुग्णासमोर असतो तो विनिमय.

ॲरिस्टॉटलने 'निकोमाखियन नीतिशास्त्रा'च्या दुसऱ्या भागात मिलो या मल्लाचा दाखला दिला आहे. दहा मापे अन्न फार आणि दोन मापे थोडे, म्हणून शिक्षक प्रत्येकाला सहा मापे वाढत नाही. मिलोला ती अपुरी, नवशिक्याला जास्त. मध्य हा गणिताने काढायचा नसून माणसागणिक ठरवायचा. दाखला मार्मिक आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे. मिलो किती जेवला यावर शिक्षकाची निर्णयबुद्धी अवलंबून नसते. मज्जावेदनेच्या बाबतीत हा आधारच निसटतो.

एखाद्या मुद्रितशोधकाची कल्पना करावी. छातीच्या डाव्या अंगाला नागिणीने मागे ठेवलेली आग. औषध वाढवले की ती सोसण्याजोगी होते, आणि त्याच मात्रेवर ओळींतून वेलांट्या व काने निसटू लागतात. मात्रा उतरवली की डोळे तल्लख होतात, पण तासाभरात त्या तल्लखपणाचा सारा वापर आगीकडे लक्ष देण्यात होतो. आता यांतला कोणता मनुष्य निर्णय घेण्यास योग्य? औषधाने शांत झालेला म्हणेल, चार चुका राहिल्या तर काय बिघडले. ते समाधान त्याचे की गोळीचे, हे त्याला सांगता येणार नाही. वेदनेने व्याकूळ झालेला रात्री तीन वाजता वाटेल ती मात्रा मागेल. ती मागणीही त्याची स्वतःची म्हणता येत नाही. ज्या तराजूने तोलायचे तोच तोलल्या जाणाऱ्या वस्तूने कलता होतो. औषध न घेतलेली अवस्था हीच माणसाची 'खरी' अवस्था, असे मानण्याचा मोह नीतिवाद्यांना होतो. तो मोहच आहे. आगीत होरपळणाऱ्या मनाला निर्लेप म्हणणे कठीण.

फ्रेंच कादंबरीकार आल्फाँस दोदे (1840–1897) याने हा पेच देहाने भोगला. उपदंशातून उद्भवलेल्या पाठीच्या कण्याच्या विकाराने त्याला विजेच्या लोळासारख्या कळा येत. शार्कोसारख्या मज्जाविकारतज्ज्ञाकडून बरे होण्याची आशा उरली नव्हती. मॉर्फिन आणि क्लोरल यांच्या आधाराने दिवस ढकलत त्याने वेदनेची टिपणे लिहिली. ती 'ला दुलू' या नावाने त्याच्या निधनानंतर तीन दशकांहून अधिक काळाने प्रसिद्ध झाली. हे पुस्तक तुटक आहे, आणि त्याचे तुटकपण हाच त्याचा प्रामाणिकपणा होय. अखंड ग्रंथ लिहिण्याइतकी उसंत वेदना देत नव्हती, आणि औषध देत होते ती उसंत वेगळ्या जातीची होती.

निर्णय दुसऱ्याकडे सोपवावा, तर त्या दुसऱ्याला वेदना दिसत नाही. वैद्य विचारतो, शून्य ते दहांत किती? रुग्ण म्हणतो, सात. या साताला तापमापकातल्या पाऱ्याचा आधार नाही; विश्वास ठेवायचा किंवा नाही, एवढाच पर्याय. समाजाने अनेकदा तो ठेवलेला नाही. अमली पदार्थांविषयीच्या 1985 च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात भारतातल्या रुग्णालयांतून मॉर्फिन दुर्मिळ झाले. 1993 मध्ये कोळिकोड येथे सुरू झालेल्या वेदनाशमनाच्या कार्याला याच अडथळ्याशी झुंजावे लागले, आणि कायद्यात दुरुस्ती झाली ती 2014 मध्ये. व्यसनाची भीती निराधार नव्हती, अमेरिकेने ते पुढे दाखवलेच. पण त्या भीतीची किंमत ज्यांनी मोजली त्यांना कोणी विचारले नव्हते.

आपल्या घरांतून हाच अविश्वास गौरवाचे रूप घेऊन येतो. 'सोशीक' हे विशेषण मराठीत प्रशंसेचे आहे, आणि ते बहुतांशी स्त्रीला लावले जाते. सोसणे ही थोर गोष्ट असू शकते, सोसणाऱ्याने ती स्वतः पत्करली असेल तर. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने कण्हू नये ही अपेक्षा मात्र इतरांच्या सोयीची असते. अशी बाई वैद्यासमोर 'बरं आहे' म्हणते, आणि त्या दोन शब्दांवर तिची मात्रा ठरते. सोबत आलेली सून सांगते की आई रात्रभर येरझाऱ्या घालतात. सासूबाई म्हणतात, हिला उगाच काळजी. दोघींपैकी कोणीच खोटे बोलत नसते. वैद्याला त्या दोन साक्षींपैकी एकीवरून 300 चे 600 करायचे असतात, किंवा करायचे नसतात, आणि बाहेर पुढचा रुग्ण थांबलेला असतो.