सहकाराला मन लागतें काय ?

पावसाळा सरत आला म्हणजे कोंकणच्या किनाऱ्यापुढील समुद्र वरून पाहणाऱ्यास प्रसन्न दिसतो. परंतु त्याच्या पोटांत त्या वेळीं श्वास कोंडलेला असतो. नैर्ऋत्य वाऱ्यांच्या दिवसांत तळचें पाणी वर येतें, सूक्ष्म वनस्पति माजतात, मेल्यावर खालीं बसतात आणि त्यांच्या कुजण्यांत पाण्यांतला प्राणवायु खर्ची पडतो. दूर खोल अरबी समुद्रांत तर सुमारें १५० मीटरांपासून १००० मीटरांपर्यंतचा थर बारमाही असाच आहे. बहुतेक माशांना तेथें तग धरवत नाहीं. जंतूंचा व्यापार मात्र अखंड चालतो.

हा व्यापार नत्राचा. कुजण्यांतून अमोनिया सुटतो. प्राणवायूचा अंश उरला असेल तेथें एक जात त्याचें नायट्राइट करते व दुसरी त्या नायट्राइटचें नायट्रेट. या दोन पायऱ्या दोन निरनिराळ्या जंतूंच्या आहेत, हें विनोग्राड्स्की या रशियन पंडितानें १८९० च्या सुमारास दाखविलें. प्राणवायु सरला कीं तिसरे पुढें येतात. ते नायट्रेटच्या आधारें श्वसन करतात, त्याचें पुनः नायट्राइट करतात आणि पुष्कळदां तेथेंच थांबतात. पुढची पायरी दुसराच कोणी उचलतो. आणखी एक जात अमोनिया व नायट्राइट या दोहोंना एकत्र आणून त्यांचा नत्रवायु करते. असा जीव असावा, असें ब्रोडा या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें १९७७ सालीं केवळ हिशेबावरून म्हटलें होतें. पुढें तो हॉलंडांत सांडपाण्यांत सांपडला व २००३ सालीं काळ्या समुद्रांतही ओळखला गेला. त्याला प्राणवायु सोसत नाहीं. शेजारचा अमोनियाभक्षक तो प्राणवायु खाऊन टाकतो, वर नायट्राइटही पुरवितो. यजमानानें वाराही अडवावा आणि पानही वाढावें, तसा हा प्रकार !

यास सहकार म्हणावें काय ? हक्स्लेला सृष्टि जीवघेण्या आखाड्यासारखी दिसली, व म्हणून नीतीनें तिच्या विरुद्ध उभें राहिलें पाहिजे असें तो म्हणे. त्याला उत्तर म्हणून क्रोपॉटकिननें परस्पर साहाय्यावरील आपल्या ग्रंथांत (१९०२) सृष्टीच्याच उदाहरणांनीं माणसाला धीर दिला. माझा ओढा क्रोपॉटकिनकडे आहे, हें कबूल करतों. पण हे जंतु त्याच्या कामाचे नाहींत. अमोनियाभक्षक नायट्राइट 'देत' नाहीं. तें त्याचें टाकाऊ. प्राणवायु तो स्वतःसाठींच खातो. मग हा निव्वळ स्वार्थ म्हणावा, तर तोही त्याच्यावर अन्यायच. ज्याला दुसऱ्याचें हित दिसतें आणि तरी जो तें डावलतो, तो स्वार्थी. ज्याला 'दुसरा' हीच कल्पना नाहीं, त्याला ना स्तुति लागू ना निंदा.

तरीही त्यांचें नातें खोटें नव्हे. एकाला काढून घ्या, दुसरा उपाशी मरेल. आधीं सद्भाव व मग साहाय्य, अशी आपली समजूत असते. येथें बंधन आधींच आहे, आणि सद्भावाचा पत्ता नाहीं. आपलें तरी काय ? ज्याच्या हातानें आपल्या गल्लीचें गटार वाहतें राहतें, त्याचें नांव आपणांपैकीं किती जणांस ठाऊक असतें ? त्याचें पोट आपल्या घाणीवर आणि आपलें आरोग्य त्याच्या श्रमावर, हें नातें अगदीं त्या जंतूंच्या धर्तीचें. फरक इतकाच कीं, जंतूंना डोळे नाहींत. आपण ते मिटून घेतों. येथें मात्र स्वार्थ हा शब्द पुरेपूर लागू पडतो.

शिवाय एकमेकांस उपयोगी पडणें म्हणजे चांगलें करणें, असेंही नाहीं. (चोरांच्या टोळींतही मेळ असतोच.) या जंतूंच्या मेळानें समुद्रांतील वनस्पतींच्या तोंडचा नत्र हवेंत निघून जातो, आणि काम अर्ध्यावर राहिलें तर नायट्रस ऑक्साइड सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबानें, वजनास वजन धरतां, तो पृथ्वीला कार्बन डायॉक्साइडच्या सुमारें २७० पट तापवितो. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत हा वायु फार मोठ्या प्रमाणांत सांठतो, असें गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २००० सालीं नोंदविलें, व शेतांतून वाहून येणाऱ्या नत्राचा त्यांत हात असावा असा तर्क केला. तो नत्र कोणी धाडला, हें जंतु विचारीत नाहींत. येईल तें घेतात, उरेल तें टाकतात, आणि दुसरा कोणी तें उचलतो.