'नको'चा मान

आपल्या सीमाभागातल्या घरात मूल बोलू लागले की त्याला नकार दोन भाषांत येतो. आजीला ते 'नको' म्हणते आणि शेजारच्या कानडी अक्कांना 'ब्याड'. हे शब्द ते बहुधा ताटावरच पहिल्यांदा वापरते आणि बहुधा ताटावरच ते कोणी मनावर घेत नाही. जेवताना लहान मुलाने म्हटलेल्या 'नको'चा मान राखावा की नाही? प्रश्न स्वयंपाकघरातला दिसतो. मला मात्र तो नीतिशास्त्रातला वाटतो.

आमच्या घरी दोन वर्षांची नात आहे. तिच्या जेवणाचे नियम कोणालाच उमगलेले नाहीत. भाकरीचा चतकोर तिला अखंड लागतो. मोडून दिला की तो 'फुटला' म्हणून बाद. भाताला आमटीचा स्पर्श झालेला चालत नाही. काल वाटीभर खाल्लेल्या पिठल्याला आज ती ओळखही देत नाही. शेवटचा घास गालात धरून अर्धा तास हिंडते. कहर म्हणजे घरच्या भाकरीकडे पाठ फिरवणारी ही बया अक्कांकडे जाऊन जोळद रोट्टी मिटक्या मारत खाते. ज्वारी तीच, गिरणीही तीच! फरक इतकाच की तिथे तिच्या तोंडाकडे टक लावून कोणी बसलेले नसते.

यातले बरेचसे कोडे डॉक्टर सोडवतात. जन्मताना सुमारे ३ किलोचे असलेले मूल वर्षभरात जवळजवळ तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र त्याचे वजन साधारण २ ते २.५ किलोच वाढते. वाढ मंदावली की भूकही मंदावते. आपण मात्र गेल्या वर्षीच्या हिशेबाने भरवत राहतो. शिवाय या वयापासून पुढे काही वर्षे मुलाला अनोळखी पदार्थाचा संशय वाटतो. नुकते चालू लागलेले, हाती येईल ते तोंडात घालणारे मूल. त्याला निसर्गाने दिलेले हे संरक्षणच असावे, असे अभ्यासक मानतात. नवा पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर यावा लागतो, तेव्हा कुठे ओळख पटते.

तरीही आपण घास पोटात ढकलतोच. त्याचे मार्ग तीन. पहिला धाकाचा : बागुलबुवा येईल, पोलीस नेईल. दुसरा लाचेचा : भाजी संपव, मग चॉकलेट. यातून मूल एवढेच शिकते की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. तिसरा मार्ग आजचा : समोर मोबाईल लावायचा आणि भान हरपलेल्या तोंडात घास सारायचा. हा सौम्य दिसतो, पण मला तोच अधिक खटकतो. धाकाला मूल निदान रडून विरोध करते. इथे त्याला विचारलेच जात नाही. काऊ-चिऊच्या घासांत मूल खेळातले भागीदार असते. मोबाईलसमोर ते केवळ एक उघडे तोंड असते.

या सक्तीमागे दुष्टावा नसतो, माया असते. आपल्याकडे माया वाढूनच दाखवतात. पंगतीत पाहुण्याने पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी पडतेच. 'नको' म्हणजे 'आणखी थोडे' असा अर्थ आपणच रूढ केला आहे. मोठ्यांना तो संकेत ठाऊक असतो. मूल 'नको' म्हणते तेव्हा त्याला खरोखरच नको असते.

माझ्या आईला हे पटत नाही. तिचे माहेर जतकडचे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरच्या लाल मिलोवर दिवस काढलेली माणसे तिने पाहिली आहेत. 'भूक लागली की खाईल' हे भरल्या पोटाचे तत्त्वज्ञान, असे ती म्हणते. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या घरात मुलाच्या लहरीला किती मान द्यायचा?

याचे उत्तर मला शाळेच्या व्हरांड्यात सापडले. 'अक्षर दासोह' योजनेच्या जेवणाला मुले दुपारी ओळीने बसतात. आमची शाळा मराठी, वाढणाऱ्या बाई कानडी; म्हणून मुले 'साकु' म्हणतात. 'साकु' ऐकले की डाव तिथेच थांबतो. ज्याला हवे तो पुन्हा मागतो. अन्न पातेल्यात राहते, ताटात उरत नाही. म्हणजे 'नको' म्हणणारा अन्नाचा अपमान करत नाही. नको असताना वाढणारा करतो.

मग सारे मुलावरच सोपवायचे का? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात एक प्रयोग सुरू केला. नुकतेच दूध सुटलेल्या १५ बालकांपुढे ३४ साधे पदार्थ ठेवले. परिचारिकांनी चमचा हातात धरून गप्प बसायचे. मुलाने बोट दाखवले तरच घास द्यायचा. मुलांनी विचित्र जेवणे केली, कधी सकाळीच संत्र्याचा रस आणि यकृत. पण सारी धडधाकट वाढली. १९३९ मध्ये डेव्हिस यांनी यातले गमक सांगितले : साखर, मिठाई त्या ताटांत नव्हतीच. निवड मुलांची होती, पण ताट मोठ्यांनी मांडले होते. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी पुढे हीच वाटणी नीट आखून दिली : काय, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवावे; खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. वजन घटत असेल, गिळताना त्रास होत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टरच हवेत.

वाचकहो, दोन घासांसाठी एवढा ऊहापोह कशाला, असे वाटेल. २०१२ च्या 'पोक्सो' कायद्यानंतर आम्ही शाळांतून मुलामुलींना शिकवतो : नकोसा स्पर्श झाला तर मोठ्याने 'नको' म्हणा, कितीही जवळचा माणूस असो. वर्गात सारे माना डोलावतात. पण स्वतःच्या शरीराविषयीचा पहिला 'नको' ज्याने आईच्या मांडीवर म्हटला आणि जो प्रेमानेच मोडून काढला गेला, त्याचा या शब्दावर विश्वास कसा बसावा? आणि ज्याचा 'नको' कधी ऐकला गेला नाही, तो उद्या दुसऱ्याचा 'नको' ऐकेल कशावरून?

ताट आपण प्रेमाने वाढावे, वेळेवर वाढावे, सर्वांबरोबर वाढावे. मुलाने 'नको' म्हटले की हात मागे घ्यावा आणि आपले जेवण सुरू ठेवावे. दोन घास कमी गेले तर पुढच्या जेवणाला भरून निघतात. शब्दावरचा उडालेला विश्वास तसा भरून निघत नाही.