जागच्या जागी साधना

सावर्डे हे चिपळूण तालुक्यातले, मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. जूनमध्ये पावसाने झोडपायला सुरुवात केली की इथल्या सायकलस्वारापुढे दोनच पर्याय उरतात: ट्रकनी उडवलेला चिखल अंगावर घेत महामार्ग गाठायचा, नाहीतर पडवीत रोलर मांडायचे. पण तासभर घाम गाळून कुठेच पोचायचे नसेल, तर त्या श्रमाला साधना म्हणावे का?

रोलरची रचना साधी असते. मागच्या चाकाखाली दोन दंडगोल, पुढच्याखाली एक आणि मागची गती पुढे नेणारा पट्टा. सायकल कशालाही जखडलेली नसते, म्हणून लक्ष ढळले की चाक लगेच कडेला सरकते. समोरून वारा नाही, त्यात कोकणातली दमट हवा. पंखा लावूनही हँडलवर घाम टपकतो.

पतंजलींच्या योगसूत्रांत अभ्यास दृढ होतो तो दीर्घकाळ, अखंड आणि आदराने केल्यामुळे. कुठे पोचण्याची अट तिथे नाही. अरणचे सावता माळी तर, परंपरा सांगते, पंढरीला गेलेच नाहीत. विठ्ठल त्यांना मळ्यातच भेटला. या कसोटीला रोलर नक्की उतरतो. तोल आणि पायांची एकसारखी लय त्याच्याइतकी चोख क्वचितच कोणी शिकवते.

तरीही रस्त्याला पर्याय नाही. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आरपार ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. तिथले वारे आणि जागरण पडवीत भेटत नाहीत. कुंभार्ली घाटातला लांबलचक चढ आणि ओल्या वळणावर ब्रेक किती दाबायचा याचा अंदाजही नाही. त्यामुळे झड लागली की रोलर, आणि उघडीप मिळताच घाट, हाच क्रम सावर्ड्याला मानवतो.